‘४० डेन्सिटी’च्या नावाखाली ९,४०० रुपयांना चुना

लातूरकरांनो, सोफ्याच्या गाद्या बदलणार असाल तर आधी घरात वजनकाटा आहे का बघा.

कव्हरं मी घरीच शिवते. गंजगोलाईतून २,७६० रुपयांचं कापड, चेन, पायपिंग आणलं. फक्त फोम कापून हवा होता, सहा आसनं आणि एक दिवाण. गाळेवाल्यानं ४० डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला ४० किलो भरणारा फोम म्हणून ९,४०० सांगितले. ५,००० आधी, ४,४०० माल आल्यावर. नमुना दाबून बघितला, चांगला कडक लागला. कडकपणा वेगळा आणि डेन्सिटी वेगळी, हलका फोमही कडक बनवतात, हे गिऱ्हाइकाला कोण सांगतं?

माल घेऊन आलेलं पोरगं! सहा आसनांचा गठ्ठा, सुतळीत एक बोट अडकवलेलं, डोक्यावर दिवाणाची गादी, आणि दोन जिने चढून त्याला दमसुद्धा नाही. मी त्याला पाणी देऊन वर शाबासकी दिली. आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. पण ऐन दिवाळीच्या आवराआवरीत, कव्हरांची शिलाई बाकी असताना, गाद्या जोखत कोण बसतं सांगा!

दिवाळीनंतर लेकीला बघायला पाहुणे आले. मुलाचे मामा बसले ते थेट फळीला टेकले. कव्हर ताठ बसावं म्हणून मी ते फोमपेक्षा अर्धा इंच कमीच बेतते, त्यालाही सुरकुत्या. सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणाल्या, “शिलाई ढिली झाली गं.” शिलाई नव्हती हो ढिली!

मग काटा काढला. २२ बाय २२ इंचाचं, चार इंच जाड आसन खऱ्या ४० डेन्सिटीचं असेल तर सव्वा किलोच्या वर भरतं. माझं भरलं ५८० ग्रॅम. म्हणजे जेमतेम १८ डेन्सिटी. डेन्सिटी अशी घरी मोजता येते. दुकानातच जोखून घ्या, नाहीतर पैसे देऊ नका.

पोलीस ठाण्यात म्हणाले, “माल मिळाला ना? मग हा दिवाणी मामला.” वजनमापाच्या कार्यालयात साहेबांनी लांबी-रुंदीच विचारली. “माप तर बरोबर आहे की, ताई!” अहो, मापाची तक्रार केलीय कुणी? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार लिहून घेतली, पण बिल मागितलं. माझ्याकडे चिठ्ठी, तिच्यावर नुसतं “फोम ९४००”. डेन्सिटी लिहिलेलं पक्कं बिल घ्याच, जीएसटी लागला तरी. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही म्हणून तिथे गेले, तर कारकून म्हणतो तपासणी करायची ठरली तर प्रयोगशाळेचा खर्च तुम्हालाच भरावा लागेल. चोरानं लुटायचं आणि पंचनाम्याचे पैसे आपण द्यायचे!

गाळेवाला आता फोनवर म्हणतो, “ताई, बसल्यावर फोम दबणारच की.” नमुन्याचा तुकडा मागून ठेवा, त्यावर त्याची सही घ्या. आयोगातला अर्ज मी भरलाय.