ट्रॅव्हल सॉफ्टबॉलच्या ट्रायआउटला जाण्याआधी हे वाचा: आमचे 5,715 डॉलर कसे गेले

ऑगस्ट जवळ आला की ट्रायआउटच्या, म्हणजे क्लबच्या निवड चाचणीच्या, जाहिराती सुरू होतात, म्हणून आत्ताच लिहिते. अमेरिकेत ज्यांची मुलगी सॉफ्टबॉल खेळते आणि खेळाच्या जोरावर तिला चांगलं कॉलेज मिळावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी डिपॉझिट भरण्याआधी हे वाचावं. आम्ही एका ट्रॅव्हल क्लबला, म्हणजे स्पर्धांसाठी गावोगाव फिरणाऱ्या खासगी संघाला, 6,615 डॉलर भरले. 900 परत मिळाले. बाकीचे 5,715 गेले. रुपयांत जवळपास पाच लाख.

"चौकशी नाही केली का?" हे ऐकून कान किटले आहेत, म्हणून आधी तेच सांगते. केली होती. मी मूळची जळगावची, शाळेत असताना स्वतः सॉफ्टबॉल खेळलेली. मला खेळ कळतो. पण आपल्याकडे खेळाची वाट ठरलेली होती: जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा. त्यावर दहावी-बारावीला क्रीडा गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठीच्या 5 टक्के राखीव जागा. त्यातही बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजलीच. पण निदान निवड कोण करतं, हे माहीत असायचं. इथे तसं काही नाही. ट्रॅव्हल बॉलमध्ये कोणीही उठतो, संघ काढतो, लोगो छापतो आणि हजारो डॉलर फी लावतो. त्याला कोणाचा परवाना लागत नाही. केस कापायचं दुकान टाकायचं तर इथे राज्याचा परवाना लागतो! चौदा वर्षांच्या मुलींच्या नावावर पैसे गोळा करायला मात्र काही लागत नाही.

आमची लेक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, आहे. 2024 च्या ऑगस्टात ती नववीत जाणार होती. त्या क्लबचं नाव मोठं, सगळ्या देशात माहीत असलेलं. ही नावं कशी चालतात ते नीट समजून घ्या. एकाच नावाचे डझनावारी संघ वेगवेगळ्या राज्यांत असतात. नावापुढे कोणी 'गोल्ड' लावतं, कोणी 'नॅशनल', कोणी 'प्रीमियर', कोणी कोचचं आडनाव. खरा दमदार संघ त्यातला एखादाच असतो. बाकीचे ते नाव वापरण्याचे पैसे मूळ क्लबला देतात आणि त्याच्या कीर्तीवर पालकांकडून फी घेतात. आम्हाला ज्या मुलींचे फोटो दाखवले, हातात कॉलेजचं निशाण, खाली 'कमिटेड' (म्हणजे त्या कॉलेजशी पक्कं ठरलं), त्या मुली त्याच नावाच्या पण दुसऱ्या राज्यातल्या संघाच्या होत्या. दोघी-तिघी तर इथल्या संघाकडून एखाद्या शनिवार-रविवारी पाहुण्या म्हणून खेळून गेलेल्या. हे मला नंतर कळलं. फोटो खरे होते, मुली खऱ्या होत्या, कॉलेजं खरी होती. मग संशय कशाचा घ्यायचा?

तुम्ही मात्र विचारा: याच संघातून, याच कोचच्या हाताखालून, कोणत्या मुली कोणत्या वर्षी कुठे गेल्या? त्यातल्या दोन पालकांचे फोन नंबर द्या. नंबर मिळाला नाही तर तिथून निघा.

आता हिशेब. डिपॉझिट 750. उरलेली फी 2,650. गणवेश, हेल्मेट आणि बॅग 585. हिवाळी इनडोअर सराव 480. 'रिक्रूटिंग पॅकेज' (कॉलेजच्या संघात भरतीसाठी मदत) 1,250. कोलोरॅडोच्या उन्हाळी स्पर्धेतला आमचा वाटा 900. विमान, हॉटेल, पेट्रोल यात धरलेलं नाही. हॉटेलसुद्धा आपल्या मर्जीचं घेता येत नाही हे ट्रॅव्हल बॉलवाल्यांना सांगायला नको. बऱ्याच स्पर्धांत आयोजकांनी ठरवलेल्या यादीतलंच घ्यावं लागतं, नाहीतर संघाला प्रवेश नाही.

त्या 1,250 बद्दल सविस्तर लिहिते, कारण ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीच्या आसपास, क्लबच्या डायरेक्टरचा फोन आला. म्हणाला, एका डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची श्रेणी) कॉलेजच्या कोचशी त्याचं बोलणं झालंय, आमची लेक त्यांच्या यादीत आहे, ऑफर तयार होते आहे. फक्त तिचा व्हिडिओ, प्रोफाइल आणि पाठपुरावा व्यवस्थित व्हायला हवा, त्यासाठी पॅकेज. शिवाय सध्या प्रत्येक कॉलेजला सॉफ्टबॉलच्या बाराच स्कॉलरशिप आहेत, पण ती मर्यादा उठणार आहे, मग सगळ्यांना 'फुल राइड' (पूर्ण खर्चाची स्कॉलरशिप) मिळेल, आत्ता रांगेत उभं राहायला हवं. मी त्याच रात्री पैसे पाठवले. गणपतीचे दिवस होते. मंडळाच्या आरतीला गेलो तेव्हा मी चार जणांना सांगितलंही. आजही त्यातल्या कोणी विचारलं, "काय मग, कुठलं कॉलेज ठरलं?" की मान खाली जाते.

त्या एका फोनमध्ये सगळा खोटेपणा उघडा पडला होता आणि माझ्यासमोर पडला होता. कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संघटनेने 2018 मध्येच नियम केलाय की डिव्हिजन वनच्या कोचला अकरावीच्या वर्षातल्या 1 सप्टेंबरच्या आधी मुलीशी किंवा तिच्या आईवडिलांशी भरतीबद्दल बोलताच येत नाही. नववीतल्या मुलीला ऑफर? आमच्या लेकीसाठी ती तारीख 1 सप्टेंबर 2026 होती! दोन वर्षं आधी ऑफर कसली तयार होते? आणि त्या बारा स्कॉलरशिपचं तर बघा. बारा म्हणजे बारा मुली नव्हेत. ती रक्कम वीस-बावीस मुलींत तुकड्या-तुकड्यांनी वाटली जायची, पूर्ण खर्च मोजक्याच मुलींना मिळायचा. 2025 च्या जूनमध्ये कोर्टातल्या तडजोडीनंतर बाराची मर्यादा खरंच गेली, पण ज्या कॉलेजांनी ती तडजोड स्वीकारली त्यांच्या संघात खेळाडूच जास्तीत जास्त 25 असा नियम आला. म्हणजे काही ठिकाणी जागा उलट कमी झाल्या.

ट्रायआउटनंतरच्या सभेत हाच माणूस म्हणाला होता, "डिव्हिजन थ्रीमध्येही पूर्ण स्पोर्ट्स स्कॉलरशिप मिळवून देतो." डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच. हार्वर्ड, येलसारख्या आयव्ही लीग कॉलेजांतही नसते. तिथे मिळते ती गरजेवर आधारित मदत, किंवा काही कॉलेजांत अभ्यासावरची. सभेत पन्नासेक पालक होते, निम्मे इथेच जन्मलेले, इथल्या कॉलेजांत शिकलेले. एकानेही हात वर केला नाही. मग बाहेरून आलेल्या आम्हीच का ओळखायला हवं होतं, हे मला कोणी सांगावं. मुलीच्या भवितव्याचा विषय काढला की आईबाप नियमांची पुस्तकं उघडत नाहीत. हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा धंदा त्यावरच चालला होता.

पॅकेजमध्ये मिळालं काय? फोनवर काढलेला व्हिडिओ आणि शेकडो कॉलेजांना एकाच मजकुराची ईमेल. त्यात आमच्या पिचरला शॉर्टस्टॉप (क्षेत्ररक्षक) म्हटलं होतं. हे काम मुलगी स्वतः फुकट करू शकते. कोचचा ईमेल पत्ता कॉलेजच्या संकेतस्थळावर असतो. मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहायचं, दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ जोडायचा, स्पर्धेआधी सामन्याची वेळ आणि मैदान कळवायचं. कोच नववीतल्या मुलीची ईमेल वाचू शकतात, फक्त भरतीचं उत्तर देऊ शकत नाहीत. प्रश्नावली आणि कॅम्पची माहिती पाठवू शकतात. मैदानावर ते नावांची यादी घरून ठरवूनच येतात. मोठ्या संघाचा शर्ट बघून थांबतात, हा गैरसमज आहे.

संघात नावं सतरा होती. सतरा! सामन्यात नऊ खेळतात. त्यात पिचर पाच, आमची लेक चौथ्या क्रमांकावर. शोकेसचे, म्हणजे कॉलेजचे कोच मुली बघायला येतात ते, सामने वेळेच्या मर्यादेत संपवतात, चौथ्या पिचरला चेंडू टाकायच्या सर्कलमध्ये एखादी इनिंग मिळाली तर मिळाली. त्रेचाळीस फुटांवरून चेंडू टाकायची जिची तयारी, ती बेंचवर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळत होती. "आई, मला बघायला कोणी आलं तरी काय बघणार?" हे तिने ऑक्टोबरमध्येच विचारलं होतं. डायरेक्टर म्हणाला, धीर धरा. करार करण्याआधी पिचर किती आणि कॅचर किती, हे लेखी मागा. सही झाल्यावर भरलेल्या नावांबद्दल काही करता येत नाही.

2025 च्या जूनमध्ये कोच सात मुली घेऊन दुसऱ्या क्लबमध्ये निघून गेला. डायरेक्टरने कळवलं, काळजी नको, कोलोरॅडोला आपण जातोय. मी स्पर्धेच्या आयोजकांना फोन केला. आमच्या संघाची नोंदणीच झालेली नव्हती. 900 डॉलर प्रत्येकीकडून घेतले आणि प्रवेश शुल्क भरलंच नव्हतं! संघांची यादी आणि ड्रॉ स्पर्धेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतो. पैसे भरण्याआधी तिथे आपल्या संघाचं नाव शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग 'पुढच्या वर्षीच्या फीमध्ये वळते करतो' असं उत्तर आलं. कुठलं पुढचं वर्ष? संघच उरला नव्हता.

तेव्हापासून मी कार्यालयांचे उंबरठे झिजवते आहे. पोलिसांकडे गेले. समोरच्या अधिकाऱ्याने कागद हातातसुद्धा घेतले नाहीत. म्हणाला, हा दिवाणी मामला आहे. सतरा कुटुंबांकडून न भरलेल्या स्पर्धेचे पैसे घेणं हा दिवाणी मामला! राज्याच्या ग्राहक-तक्रार कार्यालयात अर्ज केला. पोच क्रमांक आला. बऱ्याच दिवसांनी पत्र आलं की तक्रार क्लबला कळवली होती, क्लबने उत्तर दिलं नाही, सबब प्रकरण बंद. चोराने उत्तर दिलं नाही म्हणून तक्रार बंद करायची, हा कुठला न्याय? ज्या संघटनेकडे संघाची नोंदणी होती ती म्हणाली, आम्ही विमा आणि कोचची पार्श्वभूमी तपासतो, पैशांचं आम्ही बघत नाही. पार्श्वभूमी स्वच्छच होती, कारण त्याच्यावर कोणी कधी गुन्हाच नोंदवून घेतला नव्हता. हायस्कूलच्या क्रीडा विभागाने सांगितलं, क्लबशी आमचा संबंध नाही. एनसीएएला खासगी क्लबवर अधिकारच नाही. बँक म्हणाली, झेलवरून (Zelle, बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, त्यामुळे ही फसवणूक धरता येत नाही. प्रत्येकजण सभ्यपणे बोलला, प्रत्येकाने दुसऱ्या दाराकडे बोट दाखवलं. कर भरायला एक दिवस उशीर झाला तर हेच सरकार दंड लावतं.

900 परत आले ते केवळ माझ्या नवऱ्याने ती एक रक्कम क्रेडिट कार्डने भरली होती म्हणून. सेवा मिळाली नाही, अशी तक्रार कार्ड कंपनीकडे केली आणि पैसे जमा झाले. बाकी सगळं झेलने गेलं, कारण 'कार्डने भरलंत तर 3 टक्के जास्त' असं क्लबने सांगितलं होतं. ते 3 टक्के भरा.

क्लब 'नॉन-प्रॉफिट' असल्याचंही सांगितलं होतं, त्या नावावर पालकांकडून रॅफलची (सोडतीची) तिकिटं विकून घेतली. आयआरएस या कर खात्याच्या संकेतस्थळावर करमुक्त संस्थांचा शोध घेता येतो. तिथे या क्लबचं नाव नाही. नुसती एका माणसाची एलएलसी, म्हणजे खासगी कंपनी.

शेवटी दावा लावला. छोट्या दाव्यांच्या कोर्टाची मर्यादा राज्यागणिक वेगळी: न्यू जर्सीत 5,000 डॉलर, कॅलिफोर्नियात 12,500, टेक्सासमध्ये 20,000. ती पाहूनच अर्ज करा आणि माणूस व कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा. तारखेला तो आलाच नाही. निकाल आमच्या बाजूने लागला, पण दावा आम्ही फक्त कंपनीवर लावला होता आणि कंपनीच्या खात्यात काही नाही. वसुली करून देणं कोर्टाचं काम नाही, असं कारकुनाने समजावलं. बाकीच्या सोळा कुटुंबांपैकी तिघांनीच कागद दिले. उरलेले म्हणतात, नाव बाहेर आलं तर मुलीला दुसरा संघ घेणार नाही. याच भीतीवर हे लोक पोसले जातात.

लेक आता गावाजवळच्या साध्या संघात आहे. बारा मुली, तीन पिचर, फी 1,400, खजिनदार एक पालक, दर महिन्याला हिशेब सगळ्यांना ईमेलने. ती स्वतः कोचना लिहिते. एनसीएएच्या नियमाने लागणारे सोळा कोअर कोर्स (हायस्कूलचे ठरलेले मुख्य विषय) तिने स्वतः तक्त्यात मांडलेत.

त्या डायरेक्टरने या उन्हाळ्यात नव्या नावाने ट्रायआउट जाहीर केलेत. जाहिरातीत माझ्या लेकीचा पिचिंग करतानाचा फोटो आहे. तो काढा म्हणून लेखी कळवलं, उत्तर नाही. डिपॉझिट या वेळी 900 आहे आणि पैसे झेलनेच मागितलेत.