मॉनिटरवर स्वच्छ, रेकॉर्डिंगमध्ये धूसर: चार कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचा अनुभव
सोलापुरातील चाटी गल्लीतल्या आमच्या चादरींच्या दुकानात हा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्र डिस्कवर साठवणारे यंत्र) आणि २ मेगापिक्सेलचे चार कॅमेरे गेल्या पावसाळ्यात बसवले, आणि दिवाळीपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. मग एका टेम्पोने मागे घेताना शटर चेपले. रेकॉर्डिंग काढून पाहिले, तर टेम्पोच्या नंबरच्या पाटीवरचे ‘एमएच १३’ तेवढे अंदाजाने लागत होते. पुढच्या आकड्यांच्या जागी करड्या चौकोनांचा चिखल होता, आणि त्यातला एक आकडा ३ की ८ हे कोणीही शपथेवर सांगू शकले नसते.

बसवून देणाऱ्याने आधी लेन्स पुसायला सांगितले आणि नंतर ५ मेगापिक्सेलचे कॅमेरे घेण्याचा आग्रह धरला. दोन्ही सल्ले निरुपयोगी होते, कारण त्याच कॅमेऱ्याच्या थेट चित्रात पाटी सहज वाचता येते. आमच्यासारख्या ॲनालॉग एचडी कॅमेऱ्याचे चित्र मॉनिटरवर कॉम्प्रेशनच्या, म्हणजे जागा वाचवण्यासाठी ते आवळण्याच्या, आधीच पोहोचते. डिस्कवर उतरते ते मात्र एच.२६४ या व्हिडिओ आवळण्याच्या पद्धतीने आवळलेले असते. एच.२६४ चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकडा शक्यतो आधीच्या फ्रेमवरून ताडतो आणि उरलेला फरक तेवढा साठवतो. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवायच्या माहितीचे प्रमाण, अपुरा पडला की तो फरकच ढोबळ केला जातो, त्यामुळे स्थिर वस्तू बरी दिसते आणि हलणारी विस्कटते. दारात टांगलेल्या चादरीसमोरून कोणी गेले की तिची नक्षी पुसली जाते आणि पुढची की-फ्रेम (आधीच्या फ्रेमचा आधार न घेता पूर्ण साठवलेले चित्र) येताच एकदम पुन्हा उमटते. रंगाची माहिती उभी-आडवी निम्म्याच तपशिलात ठेवली जात असल्याने लाल रंग काठाबाहेर पाझरतो. आमच्या मालाच्या बाबतीत हे विशेष खटकते.

सेटिंगमध्ये पाहिले, तर प्रत्येक कॅमेऱ्याचा बिटरेट अवघा ५१२ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) ठेवलेला होता. १ टीबीच्या डिस्कवर दीड महिन्याचे रेकॉर्डिंग राहील, हे विक्रीच्या वेळचे आश्वासन त्याच आकड्यावर उभे होते. तो ४०९६ केल्यावर दिवसा पाटी स्पष्ट वाचता येऊ लागली, तेव्हा यंत्राविषयीचे माझे मत बदलले. मात्र या दराने एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४४ जीबी खातो आणि चौघे मिळून डिस्क साडेपाच दिवसांत भरतात. म्हणून दार आणि गल्ला ४०९६ वर ठेवले, आतले दोन ५१२ वरच राहू दिले, आणि आता दहा दिवसांचे रेकॉर्डिंग मिळते. जुन्याच बिटरेटवर ५ मेगापिक्सेलचे कॅमेरे लावले असते, तर तेवढेच बिट अधिक पिक्सेलांत वाटले गेले असते आणि पैसे पाण्यात गेले असते.

रात्रीची अडचण कायम आहे. अंधारात सेन्सरचा रवाळपणा वाढतो, तो आधीच्या फ्रेमवरून ताडता येत नाही आणि बिट त्यातच संपतात. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत रस्ताभर गर्दी हलत असताना संध्याकाळचे चेहरेही असेच सपाट झाले. आवाजाचे नमुने सेकंदाला ८००० च घेतले जातात, त्यामुळे ४००० हर्ट्झच्या वरचे काही उरत नाही आणि गल्ल्यावरच्या बोलण्यातले स, श आणि फ वेगळे ओळखू येत नाहीत. भावावरून वाद झाला, तर या आवाजाचा आधार घेता येणार नाही.

बिटरेट आम्हीच बदलला असताना बसवून देणाऱ्याने मागितलेले भेटीचे ५०० रुपये मी दिलेले नाहीत आणि देणारही नाही.