तीन तासांच्या वहिनीसाहेब

सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या गावात माझं फ्लेक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. वीस वर्षं झाली. गेल्या नगरपालिकेला आमच्या थोरल्या वहिनी, शैलजावहिनी, प्रभाग सातमधून आघाडीतर्फे उभ्या होत्या. चिन्ह कपबशी. प्रचाराला टीव्हीवरचं कुणीतरी आणायचं असं दादाच्या डोक्यात बसलं आणि पुण्याच्या एका एजन्सीकडून आम्ही मालिकेतली एक नायिका तीन तासांसाठी बोलावली. या सेवेबद्दल आगाऊ माहिती देणारं कुणी भेटलं नाही, म्हणून मीच हे परीक्षण लिहितो, शेवटी पाचपैकी तारे देऊन. एजन्सीचं आणि नायिकेचं नाव लिहीत नाही. दोघांनाही धंदा करायचा आहे, मलाही.

कलाकारांच्या भाषेत याला सुपारी म्हणतात. व्हॉट्सअॅपवर एजन्सीचं दरपत्रक आलं. दुकानाचं उद्घाटन, दहीहंडी, दांडिया, वाढदिवस यांचा एक दर आणि राजकीय कार्यक्रमाचा त्याच्या दीडपट. मालिकेतली खलनायिका नायिकेपेक्षा तीस हजारांनी स्वस्त. माझ्या अनुभवानं गर्दी खलनायिकेलाच जास्त होते, पण दादा म्हणाला, 'वहिनीसाठी मत मागायला कजाग बाई कशाला?' आमच्या नायिकेचे सव्वा लाख अधिक जीएसटी, पुण्याहून इनोव्हा, तिचा ड्रायव्हर आणि मेकअपवाली मुलगी यांचं जेवण, आणि कपडे बदलायला अॅटॅच्ड बाथरूमची खोली. निम्मे आगाऊ, निम्मे गाडीतून उतरण्याआधी. 'आधी' हा शब्द ठळक टाइपात होता.

कागद एकच पानाचा. त्यातलं कलम तीन नीट वाचा. कलाकार कोणत्याही नेत्यावर टीका करणार नाही. जात, धर्म, आरक्षण, भाषा या विषयांवर बोलणार नाही. 'मत द्या' असं थेट म्हणणार नाही, 'आशीर्वाद द्या' म्हणेल. मी एजन्सीच्या पोराला फोन लावला. म्हटलं, 'मग राजकीय कार्यक्रमाचे दीडपट कशाचे?' तो म्हणाला, 'सर, रिस्कचे.'

दोन दिवसांनी फ्लेक्ससाठी फोटो आला. हात जोडलेली, नाकात नथ, अंगावर अबोली साडी. मी तो कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन मोठा केला तर डाव्या खांद्यावर, पदराच्या वर, बोटभर रंगीत कड दिसायला लागली. नीट पाहिलं, तर दुसऱ्याच पक्षाच्या उपरण्याची किनार होती. कापणाऱ्यानं फोटो घाईघाईत कापला होता. मी फोन केला तेव्हा पोरगा शांतपणे म्हणाला, 'हो सर, मागच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यात होत्या मॅडम. तेवढं तुम्ही घासून घ्या ना.' मी घासलं. दहा बाय वीसचे चार फ्लेक्स काढले. घरात कुणाला बोललो नाही, कारण आगाऊ रक्कम गेलेली होती.

प्रत्यक्ष दिवशी वेळ दुपारी चारची होती. पोलिसांची परवानगी चार ते सातची. इनोव्हा आली पाच दहाला. खंबाटकीत ट्रॅफिक होतं म्हणे, आणि खंबाटकीत ते असतंच, त्यामुळे त्याबद्दल मी तारा कापत नाही. आमच्या घरी आल्या, खोलीत गेल्या, वीस मिनिटांत तयार होऊन बाहेर आल्या. माणूस म्हणून बाई फार साध्या. आईच्या पाया पडल्या. आईनं थालीपीठ आणि लोणी पुढे केलं, तर मेकअपवाली नको नको म्हणत असताना उभ्याउभ्या खाल्लं.

आणि खाताना बोलल्या. मी सहज विचारलं होतं, शूटिंग कुठे असतं. म्हणाल्या, ठाण्याला, रोज बारा-तेरा तास, आणि आज केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी. मध्ये मालिका बंद पडली तर मागं लागत बसायचं. सेटवर एका लाइटच्या माणसाला शॉक बसला तेव्हा कुणी काय केलं, कुणी काय केलं नाही, हे त्यांनी असं सांगितलं की दादा हातातली बशी धरून उभाच राहिला. मी म्हटलं, 'ताई, हे बोला की चौकात. आमच्याकडे सफाई कामगारांचेही पगार असेच अडकतात. लोकांना पटेल.' त्या हसल्या. मला म्हणाल्या, 'दादा, ते बोलायचे पैसे कोण देणार? आणि बोलले तर पुढची मालिका कोण देणार?' मग टिश्यूनं बोटं पुसली आणि मेकअपवालीपुढे ओठ धरले.

उघड्या जीपमधून निघालो. माझं काम त्यांच्या मागं उभं राहून माइकची वायर सांभाळायचं. त्यामुळे मला जे दिसलं ते खालच्या कुणाला दिसलं नाही. डाव्या तळहातावर निळ्या बॉलपेननं लिहिलेलं होतं: शैलजा, प्रभाग ७, कपबशी. शिवाजी चौकापर्यंत घामानं 'शैलजा'मधला 'ज' पुसला गेला. त्यामुळे चौकात घोषणा झाली, 'आपल्या लाडक्या शैलावहिनींना आशीर्वाद द्या!' आमच्या वहिनी शेजारीच उभ्या होत्या. हात जोडून त्यांनी ते नावही स्वीकारलं. दुसरा घोळ वेगळाच. लोक मालिकेतल्या नावानं 'वहिनीसाहेब, वहिनीसाहेब' ओरडत होते आणि दर वेळी दोन्ही वहिनी वळून हात हलवत होत्या.

गर्दी झाली. ते कबूल करायलाच हवं. एवढी गर्दी आमच्या चौकात गणपती सोडले तर होत नाही. पण मी फ्लेक्सवाला, मला गावातले चेहरे पाठ आहेत. निम्मी शाळा-कॉलेजची पोरं, मतदानाचं वय नसलेली. बरीचशी एसटीची वाट बघणारी, बाहेरगावची माणसं. मतदार होते ते मोबाइल वर धरून पाठमोरे उभे, सेल्फीसाठी. तोंड करून ऐकणाऱ्या एक पवारकाकू होत्या. त्यांनी जीपजवळ येऊन विचारलं, 'नळाला चार दिवसांनी पाणी येतं, त्याचं काय करणार?' बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वहिनींकडे पाहिलं. बाई गोड हसून म्हणाल्या, 'वहिनी आहेत ना!' आणि जीप पुढे गेली. वहिनी मात्र खाली उतरल्या आणि रॅली सोडून काकूंबरोबर टाकीपर्यंत चालत गेल्या. पुढच्या अर्ध्या तासात जीपवर उमेदवारच नव्हता, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. सातला पाच कमी असताना एजन्सीच्या पोरानं घड्याळ दाखवलं.

रात्री घरात वाद झाला. दादाचं म्हणणं, कलाकाराला मतं मिळतातच. २००४ ला गोविंदानं उत्तर मुंबईत राम नाईकांना पाडलं, पाच वेळच्या खासदाराला. २०१९ ला अमोल कोल्हे टीव्हीवर संभाजीराजे करत होते आणि शिरूरला आढळरावांना हरवून आले. मी म्हटलं, कोल्हे त्याच्या आधी शिवसेनेत वर्षानुवर्षं प्रचार करत फिरले होते, आणि २०२४ ला त्याच आढळरावांना त्यांनी परत हरवलं, तेव्हा मालिका नव्हती. शिवाय उलटे दाखलेही आहेत. उर्मिला मातोंडकर २०१९ च्या मार्चमध्ये काँग्रेसमध्ये आल्या, त्याच उत्तर मुंबईत साडेचार लाखांहून जास्त मतांनी पडल्या आणि सप्टेंबरात पक्षाबाहेर. २००९ ला माहीमला आदेश बांदेकर उभे राहिले. घरोघरच्या वहिनींना पैठणी देणारा माणूस, त्याच्याहून ओळखीचा चेहरा त्या वेळी कुणाचा होता? निवडून आले मनसेचे नितीन सरदेसाई. दादा म्हणाला, 'तू फ्लेक्स छाप.'

अण्णा, आमचे वडील, एवढा वेळ गप्प होते. अण्णा माळकरी आहेत. ते म्हणाले, 'मी श्रीराम लागूंना ऐकलंय. साताऱ्यात.' लागू आणि नरेंद्र दाभोलकर मिळून 'वाद-संवाद' करायचे, तो कार्यक्रम. लागू भर सभेत सांगायचे की देव नाही, त्याला रिटायर करा, आणि शेजारी बसलेले दाभोलकर सांगायचे की अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीची भूमिका तशी नाही. नाटकाची तिकिटं ज्या लोकांनी काढायची त्याच लोकांना तोंडावर हे ऐकवायचं. अण्णा म्हणाले, 'मला एक अक्षर पटलं नाही. घरी येताना रागानं चप्पल तुटली. पण शेवटपर्यंत बसलो. तो माणूस मला मत विचारत नव्हता, स्वतःचं सांगत होता.' त्याच लागूंनी निळू फुल्यांसारख्यांना बरोबर घेऊन नाटकाचे प्रयोग केले आणि त्यातून सामाजिक कृतज्ञता निधीला पैसे उभे केले, पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या घरात चूल पेटावी म्हणून. म्हणजे तिथे कलाकार सुपारी घ्यायला नाही, द्यायला आलेला. निळूभाऊ काय, दादा कोंडके काय, दोघेही राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेले. पुढे कोंडके शिवसेनेच्या व्यासपीठावर गेले, निळूभाऊ समाजवाद्यांतच राहिले. पण खांद्यावर कुणाचं उपरणं आहे हे बघायला कोरलची गरज पडत नसे.

हे लिहिताना मला आमच्या कोरेगाव तालुक्याची आठवण येते, कारण तिथे कलाकाराचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिलाय. २०१६ ला आमिर खानच्या पानी फाउंडेशननं पहिला वॉटर कप, म्हणजे गावांची पाणी अडवण्याची स्पर्धा, तीन तालुक्यांत घेतला, कोरेगाव, वरूड आणि अंबाजोगाई. माझी सासुरवाडी त्या भागातली. मेहुण्याला आयुष्यात कधी कुदळ धरलेली मी पाहिली नव्हती, तो पहाटे पाचला डोंगरावर सलग समतल चर खणत होता. वेळू गावानं पन्नास लाखांचं पहिलं बक्षीस मिळवलं. आता दुसरी बाजूही सांगतो. त्याच्या काहीच महिने आधी, २०१५ च्या नोव्हेंबरात, आमिर देशातल्या असहिष्णुतेबद्दल चार वाक्यं बोलला होता. गदारोळ झाला, लोकांनी तो ज्या ऑनलाइन दुकानाची जाहिरात करायचा त्याचं अॅप मोबाइलवरून काढून टाकलं, कंपनीनं करार पुढे चालवला नाही, आणि सरकारच्या 'अतुल्य भारत' मोहिमेतलाही त्याचा चेहरा गेला. नंतर कोरेगावच्या डोंगरावर तो पाण्याशिवाय दुसरं काही बोलला असेल तर माझ्या तरी कानावर आलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर नव्वद दिवसांनी पैसे मिळणाऱ्या आमच्या ताईंना मी कोणत्या तोंडानं सांगू की चौकात बोला? कलम तीन एजन्सीनं लिहिलं खरं, पण मजकूर आपणच पुरवलाय.

निकाल. वहिनी अडतीस मतांनी आल्या. शिवाजी चौकाच्या दोन्ही बूथवर मागं होत्या, टाकीकडच्या बूथनं काढलं. यात वहिनीसाहेबांचा हात किती, हे दादाला विचाराल तर शंभर टक्के, पवारकाकूंना विचाराल तर त्या हसतात. एजन्सीनं मात्र तिसऱ्या दिवशी न विचारता वहिनींचा गुलाल लावलेला फोटो आपल्या माहितीपत्रकात टाकला, खाली 'आमच्या कलाकारामुळे विजयी'.

हिशेबाचं सांगतो, कारण इथेच लोक फसतात. सव्वा लाख हा आकडा धरून बसू नका. जीएसटी, गाडी, टोल, जेवण, जीप, स्पीकर, फुलं, फ्लेक्स घरचे असूनही, सगळं मिळून एक लाख नव्वद हजारांवर गेलं. हे सगळं खर्चाच्या रजिस्टरात दाखवायचं असतं. एजन्सीनं पक्की पावती फक्त मूळ रकमेची दिली, गाडीचा आकडा कच्च्या कागदावर. गाडीची पक्की पावती मागून मागून आमचा वकील थकला, अजून आलेली नाही. सत्तर मिनिटं उशिराबद्दल एक पैसा कमी केला नाही. ड्रायव्हर मात्र भला माणूस, जाताना रॅलीतलं राहिलेलं माइकचं स्टँड परत आणून दिलं.

पाचपैकी दोन तारे. एक ड्रायव्हरला, एक ताईंनी थालीपीठ खाताना जे सांगितलं त्याला. तुम्हाला गर्दीचा फोटो हवा असेल तर बोलवा, तो मिळतो. करार करताना त्याच आठवड्यात कलाकार आणखी कुणासाठी फिरतोय ते लिहून घ्या, आणि उमेदवाराचं नाव तळहातावर मार्करनं लिहायला सांगा, बॉलपेन पुसतं.

परवा एजन्सीच्या पोराचा मेसेज आला, जिल्हा परिषदेसाठी. दर पंधरा टक्क्यांनी वाढलेत. आमच्याकडून कुणी उभं नाही, पण पलीकडच्या गटातल्या एका उमेदवारानं त्याच ताई ठरवल्यात आणि फ्लेक्स माझ्याकडे टाकलाय. फोटो नवा आहे, साडी मोरपंखी, कापलाय अगदी स्वच्छ. खाली लिहिलंय, 'सर, या वेळी खांदा मोकळा दिलाय. उपरणं तुमच्या पार्टीचं लावून घ्या.'

दोन मिनिटांचं काम होतं. लावलं.