जळगाव एमआयडीसीतली मेस : चव, दर आणि तेलाचा हिशेब

चटई आणि पाइपच्या कारखान्यांतली पोरं जेवतात ती ही मेस. दोन वेळचं जेवण महिन्याला 3000 रुपये, पोळ्या हव्या तेवढ्या, रात्रीचं ताट साडेअकरापर्यंत. चवीला खरंच तोड नाही. काळा मसाला रोजचा ताजा, कांदा-खोबरं नीट भाजलेलं, कुठे जळकट वास नाही. पण इथे वर्षभर जेवणाऱ्यांची पोटं सुटतात, आणि त्याचा दोष त्यांच्या जिभेवर ढकलणं अन्यायाचं आहे.

शेवभाजीच घ्या, आठवड्यातून तीनदा असते. वाटीत जाड शेव 40 ग्रॅम, तिच्यात तिसरा हिस्सा तेलच. वर दोन पळ्या तर्री, म्हणजे आणखी 25 ग्रॅम तेल. शेवेच्या 220 आणि तर्रीच्या 225 कॅलरी धरल्या तर पोळी मोडायच्या आधीच साडेचारशे झाल्या. ताटात हिरवं काय, तर कोथिंबीर.

शेवच का? मे महिन्यात मेथी-पालक महाग, उन्हात दुपारपर्यंत माना टाकतात, शिवाय निवडायला बाई लावावी लागते. शेव टिकते, ऐन वेळी रश्श्यात टाकली की काम झालं. पामतेल स्वस्त पडतं, आणि तवंग दिसला नाही तर गिऱ्हाईकच भाजीला पांचट म्हणतं. कळण्याची भाकरी (चार भाग ज्वारी, एक भाग अख्खे उडीद) इथे वेगळे 20 रुपये देऊन मिळते. ती थापायला सरावाचा हात लागतो, ज्वारी महाग, आणि रेशनवर बहुतेक वेळा येतात गहू-तांदूळ. एके काळी गरिबाघरची भाकरी आता जादा पैशांची झाली.

कुठलीही मेस पारखायची असेल तर तेलाचा 15 किलोचा डबा किती दिवस जातो ते विचारा. इथे जेवणारे शंभर, डबा अडीच दिवसांत रिकामा. माणशी रोज 60 ग्रॅम! 30 ग्रॅम पुरे, म्हणजे तोच डबा पाच दिवस जायला हवा. गफलत होते ती डबा थेट पातेल्यात ओतल्यामुळे. शंभर माणसांना एका वेळेला दीड किलो, असं माप ठरवून बाजूला काढलं तर फोडणी तेवढ्यात भागते.

बारा तासांची पाळी मशीनपाशी उभ्याउभ्या जाते, चालणं नाहीच. रात्री अकराला जेवून लगेच अंथरूण. हातपाय काटकुळे असले तरी पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या वर गेली की साखर-रक्तदाब तपासून घ्यावा.

मालक ऐकून घेणारे आहेत. तर्री वेगळ्या वाटीत मागा, कुरकूर न करता देतात. चवळी-मटकीच्या दिवशी दुसरी वाटी फुकट, ती सोडू नका. रविवारी वरण-बट्टी असते, बट्टी उकडून मग तळलेली. न तळता, वरून चमचाभर तूप घालूनही देतात, फक्त सकाळी दहाच्या आत सांगावं लागतं.