एपो-ई नॉकआउट उंदीर : काही महिने वापरल्यावर

धमनीत चरबीचा थर कसा बसतो हे प्रयोगशाळेत पाहायचं असेल तर हे नॉकआउट, म्हणजे एक जनुक बंद पाडलेले, उंदीर घ्या. हार्ट ॲटॅक पाहायचा असेल तर नका घेऊ.

साधा उंदीर कोलेस्टेरॉलला सहसा दाद देत नाही. त्याचं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच, म्हणजे ज्याला 'चांगलं' कोलेस्टेरॉल म्हणतात त्या कणांतच, फिरतं. १९९२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात नोबुयो माएदा आणि रॉकफेलर विद्यापीठात जॅन ब्रेस्लो यांच्या गटांनी उंदरातलं एपो-ई नावाचं प्रथिन बनवणारं जनुक बंद पाडलं. हे प्रथिन नसलं की यकृताला रक्तातले चरबीचे कण उचलता येत नाहीत. नेहमीच्या खाद्यावरही कोलेस्टेरॉल ४०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे जातं, आणि सुमारे २१ टक्के चरबीचं 'वेस्टर्न डाएट' दिलं की हजार ओलांडतं. प्लाझ्मा वेगळा केला की दुधासारखा दिसतो. नव्या विद्यार्थ्यांना नमुना बिघडलाय असंच वाटतं.

पैदास सोपी आहे. दोन्ही पालक नॉकआउट असले तरी पिल्लं होतात, त्यामुळे प्रत्येक वेळी जीनोटायपिंगचा, म्हणजे पिल्लाचं जनुक तपासण्याचा, खर्च नाही. त्रास त्या चरबीच्या खाद्याचा. ते मऊ असतं, चुरा होतो, उंदरांची लव तेलकट होते, पिंजरा नेहमीपेक्षा लवकर बदलावा लागतो. शिवाय थंडीत ठेवलं नाही तर खवट होतं. बरेच दिवस त्यावर ठेवलेल्या काही उंदरांच्या कातडीवर जखमाही होतात, तेव्हा व्हेटला आधीच सांगून ठेवा.

निकाल मात्र छान. महाधमनीच्या मुळाशी, झडपांपाशी काप घेऊन ऑइल रेड ओ हा चरबी रंगवणारा रंग लावला की लाल थर डोळ्यांनाच दिसतो.

आता खोट. हे थर माणसासारखे सहसा फुटत नाहीत, गुठळी होऊन हृदय बंद पडत नाही. जनुक बिघडवलं म्हणजे माणसाचा आजार जसाच्या तसा उतरेल, हा भाबडेपणा फुफ्फुसवाल्यांनाही नडला. त्याच १९९२ मध्ये आलेले सिस्टिक फायब्रोसिसचे (माणसात फुफ्फुसांत चिकट कफ साठवणारा आनुवंशिक आजार) उंदीर आतडं तुंबून मरू लागले, पण त्यांच्या फुफ्फुसांत माणसासारखा आजार काही उतरला नाही.

आम्हाला पुढे स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध तपासायचं आहे. एपो-ईच नसलेल्या या उंदरांत स्टॅटिनने कोलेस्टेरॉल नीट उतरत नाही. त्यासाठी आता एपो-ई-३-लायडन जातीचे, म्हणजे माणसाचं बदललेलं एपो-ई जनुक घातलेले, उंदीर मागवतोय. ते महाग पडले तरी चालतील.