२०० ‘पर्यंत’ : डोंबिवलीतल्या नेटचे अकरा महिने

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो. खाडा झाला की फुली, जास्त घेतलं तर दीड. गेल्या जुलैपासून त्याच चौकोनांत मी पेन्सिलीने आणखी दोन आकडे लिहायला लागले: सकाळी साडेसहाचा नेटचा वेग आणि रात्री साडेनऊचा. सासूबाईंना आधी वाटलं, मी माझी शुगर लिहून ठेवतेय.

कनेक्शन घेतलं ते २०० एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला २०० मेगाबिट. महिना ७९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९४३ रुपये. पत्रकावर २०० हा आकडा वीतभर आणि त्याखाली ‘पर्यंत’ मुंगीएवढं. कंपनीचं नाव लिहीत नाही. भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर पहिल्या तीन महिन्यांतल्या माझ्या बऱ्याच तक्रारी माझ्याच घरावर उलटल्या.

जोडणीच्या दिवशी लाइनमनने हॉलमध्ये टीव्हीच्या वर वायफायचा बॉक्स (राउटर) ठोकला, आपला मोबाइल बॉक्सपासून हातभरावर धरला, २०८ आले, स्क्रीनशॉट काढला, माझी सही घेतली. “ताई, नेट फुल आहे.” तो गेल्यावर मागच्या खोलीत, जिथे मी दिवसाचे आठ तास काम करते, तिथे बघितलं. १७.

फोन केला की एकच मंत्र: बॉक्स बंद करून चालू करा. पंधरा दिवस केलं. मग कळलं की बॉक्समधून वायफाय दोन बँडवर, म्हणजे दोन वेगळ्या रेडिओ लहरींवर निघतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ भिंती ओलांडून लांब जातं, पण हळू आणि गर्दीचं. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. आमच्या मागच्या खोलीत मोबाइलला शेजाऱ्यांची २९ वायफाय दिसतात. डोंबिवलीत खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्याच्या ग्रिलला लागतो, दुसरं काय होणार! कंपनीने दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं, त्यामुळे लॅपटॉप २.४ वरच चिकटून बसायचा. नावं वेगळी केली. हॉलमध्ये ५ वर १८० आले. मागच्या खोलीत मात्र दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट ओलांडून पोचेपर्यंत ४५.

म्हणून वायर टाकून घेतली. आणि तिथे सगळ्यात मजेशीर गोष्ट सापडली. वायरवर वेग आला ९४. दुसऱ्या दिवशी ९४. पहाटे ९४, दुपारी ९४. वायफायचा आकडा कधी इतका शहाण्यासारखा वागत नाही. नवरा म्हणाला, “आहे ते बरं आहे, सोड.” पण कॅलेंडरवर ओळीने सहा दिवस ९४ लिहिल्यावर मला राहवेना. वायरचा पारदर्शक प्लग खिडकीशी धरून भिंगाने बघितला. आत आठ जागा, पण तारा चारच: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, हिरवी. निळी आणि तपकिरी जोडी प्लगच्या अलीकडेच कापून टाकलेली. चार तारांवर जोडणी १०० वर अडकते, त्यातून वरखर्च जाऊन ९४ च्या आसपास हातात पडतात. गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटच्या जोडणीला, आठही लागतात. कॅमेरे बसवणारा एक मुलगा गल्लीतच आहे, त्याने दोन्ही टोकांना नवे प्लग क्रिंप करून दिले. ऐंशी रुपये. त्याच संध्याकाळी नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कॅलेंडरवर १८९ लिहिले आणि दुधाच्या खाड्याची फुलीही तिथेच होती हे विसरले.

(मधल्या काळात तळमजल्यावरचे काका भांडायला निघाले होते, “२०० चे पैसे घेतात आणि डाउनलोड २३ ने होतं.” ते एमबी सेकंदाला, काका. आठ बिटांचा एक बाइट. २०० भागिले ८, पंचवीस. तुमचं नेट आमच्यापेक्षा बरं आहे.)

आता घरात दोष काढायला जागा उरली नव्हती. तरीही रात्रीचे आकडे ५२, ६१, ४७. एप्रिलमध्ये आयपीएलच्या रात्री ३४.

फायबर घरापर्यंत येतं म्हणून ते आपल्या एकट्याचं नसतं. जीपीओएन नावाची जी पद्धत सर्रास वापरतात, तिच्यात एका फायबरवर खाली येणारा साधारण अडीच गिगाबिट वेग ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. ६४ घरांना २०० विकले तर झाले १२.८ गिगाबिट. याला मी फसवणूक म्हणत नाही. रेल्वेही पास सगळ्यांना देते. आठच्या फास्टला सगळ्यांनी एकदम यायचं ठरवलं की लटकायचं. प्रश्न एवढाच की गाड्या किती सोडता.

गर्दी नेमकी कुठे होते, हे कळलं ते रात्रीच्याच एका तपासणीत. साडेनऊलाच कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर चाचणी केली तर १८१. यूट्यूबही झकास, कारण असे व्हिडिओ बऱ्याचदा कंपनीच्याच जाळ्यात साठवून ठेवलेले असतात. तेव्हाच ऑफिसची फाइल आणि बाहेरच्या सर्व्हरवरची चाचणी मात्र पन्नाशीत. म्हणजे कंपनीपासून आमच्या घरापर्यंत मोकळं. तुंबतंय ते कंपनी बाहेरून जी बँडविड्थ (एका वेळी किती डेटा जाऊ शकेल ती क्षमता) विकत घेते तिथे. आणि कॉल सेंटरवाला दर वेळी त्यांच्याच सर्व्हरवर चाचणी करायला सांगतो! ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २००६ च्या नियमावलीत विकलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांवर वेग मिळाला पाहिजे असं होतं, पण मोजायचं कंपनीच्या नोडपासून (तिच्या जाळ्यातल्या केंद्रापासून) ग्राहकापर्यंत. त्या मापाने आमची कंपनी पास.

बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिकडे मे २०१८ पासून जाहिरातीत तोच आकडा छापावा लागतो जो रात्री आठ ते दहात निदान निम्म्या ग्राहकांना मिळतो. त्याआधी दहा टक्क्यांना मिळाला तरी ‘पर्यंत’ चालायचं. आमच्या पत्रकाला हा नियम लावला तर २०० च्या जागी काय छापतील?

ट्राय एकेकट्याची तक्रार घेत नाही. आधी कंपनीत तक्रार, नंबर घ्यायचा, मग कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे. तिथे मी कॅलेंडरच्या पानांचे फोटो जोडले, दुधासकट. उत्तर आलं, “आपली लाइन योग्य आहे.” मात्र तीन आठवड्यांनी रात्रीचा आकडा ११० ते १२५ वर गेला आणि तिथेच राहिला. का, ते कोणी सांगितलं नाही.

सेवा वाईट नाही. अकरा महिन्यांत नेट बंद पडून बॉक्सवर लाल दिवा तीनदाच लागला, एकदा तर दाराशी खिळ्याभोवती फायबर वाकल्यामुळे. पण रात्री ११० मिळणार असतील तर २०० चे पैसे कशाला? या महिन्यात १०० चा प्लॅन घेतला, महिना ५९९.

बदल करायला तोच लाइनमन आला. मोबाइल काढून बॉक्सजवळ जायला लागला. मी म्हटलं, “भाऊ, आत या,” आणि मागच्या खोलीतला लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. त्याने घड्याळ बघितलं. “ताई, आता दुपारचे चार वाजलेत, आता फुलच दाखवणार.” मग खुर्ची ओढून बसला आणि चहाला नाही म्हणाला नाही.