जुन्या ड्राइव्हवेवर २ इंची ओव्हरले: मिनेसोटातला एक हिवाळा काढल्यानंतर

बर्फ वितळलं आणि गराजच्या दारापाशी नव्या डांबरातली खडी सुटून हातात यायला लागली, म्हणून ओव्हरलेचा, म्हणजे जुन्या डांबरावर नवा थर चढवण्याचा, हा अनुभव आत्ता लिहितोय. ऑक्टोबरात लिहिला असता तर नुसतं कौतुक झालं असतं.

ड्राइव्हवे ६०० चौरस फुटांचा. वरचा थर पांढुरका, कोरडा पडलेला. आडव्या भेगा होत्या, पण जाळीदार भेगा कुठेच नव्हत्या. हे आधी बघाच. जाळीदार भेगा म्हणजे खालचा खडीचा थर खचलाय. त्यावर ओव्हरले घालणं म्हणजे पैसे पाण्यात. तिथे उकरून पायापासूनच करावं लागतं.

मधल्या भागाबद्दल काही तक्रार नाही. उतार नीट, पाणी कुठे साचत नाही, स्नो ब्लोअर कुठे अडत नाही. जाडी चोरली आहे का, हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे डांबर बनवणाऱ्या प्लांटची वजनाची पावती मागणं. एक चौरस यार्ड, एक इंच जाडी, याला साधारण ११० पौंड माल लागतो. म्हणजे ६०० चौरस फुटांवर दाबून २ इंच हवे असतील तर सव्वासात टनांच्या पुढे. पावतीवर पाच टन दिसले तर जाडी दीड इंचही भरत नाही. आणि कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये ‘२ इंच’ एवढंच नको, ‘रोलर फिरल्यानंतर २ इंच’ असं लिहून घ्या. सैल माल अडीच इंच पसरावा तेव्हा दाबून दोन होतो.

आता गराजची पट्टी. जुन्या डांबरावर २ इंच चढवले की पृष्ठभाग गराजच्या काँक्रीटच्या जमिनीपेक्षा (स्लॅबपेक्षा) उंच होतो आणि पाणी आत येतं. योग्य पद्धत अशी: स्लॅबला लागून निदान दोन फूट रुंदीचं जुनं डांबर मिलिंग करून (यंत्राने खरवडून) उतरतं कापायचं, स्लॅबच्या कडेशी पूर्ण २ इंच खोल. मग टॅक कोट (थर चिकटवणारा डांबराचा पातळ लेप) मारून नवा माल पूर्ण जाडीने स्लॅबच्या पातळीत आणून भिडवायचा. रस्त्याकडच्या टोकालाही हेच. आमच्याकडे रस्त्याकडे कापलं, गराजपाशी मात्र न कापता थर घासत शून्यावर आणून सोडला. अर्धा इंची खडीचा माल किमान दीड इंच जाड असावा लागतो, तरच खडी एकमेकांत रुतून बसते. पाव इंचात ती बसणार कशी? शिवाय पातळ थर काही मिनिटांत थंड होतो आणि १७५ फॅरनहाइटच्या खाली गेला की रोलर कितीही फिरवा, दबत नाही. मग दिवसा वितळलेलं पाणी त्या थरात मुरतं, रात्री गोठून सुमारे ९ टक्के फुगतं आणि खडी उचकटतं. गाडीखालून गळणारं मिठाचं पाणीही नेमकं तिथेच पडतं. मिठाने डांबर विरघळत नाही, पण गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्या वाढतात.

कॉन्ट्रॅक्टरचं उत्तर: ‘कडांना वॉरंटी नाही, सीलकोट मारून घ्या.’ हे उत्तर मला अजूनही पटत नाही. सीलकोट हा पातळ लेप आहे, तो सुटी खडी धरून ठेवत नाही. शिवाय नव्या डांबरावर सहा महिने ते वर्षभर तो मारूच नये. कोटेशनमध्ये ‘गराजपाशी मिलिंग’ अशी वेगळी ओळ होती आणि तिचे पैसे घेतले होते. ती ओळ आणि कडेचे फोटो लेखी पाठवल्यावर जूनमध्ये पट्टी कापून पुन्हा भरली गेली. आता ती पक्की आहे, त्यामुळे कामाबद्दलचं माझं मत सुधारलंय, सेवेबद्दलचं नाही.

एका जुन्या भेगेची केसाएवढी रेघ नव्या थरातून वर आली आहे. तो दोष मी कॉन्ट्रॅक्टरला देणार नाही. थंडीत जुनं डांबर आकसतं, खालची भेग उघडते आणि वरच्या थराला ताणते. ओव्हरलेमध्ये हे होणारच. खाली फॅब्रिक घातलं तर ते लांबतं, थांबत नाही. बाइंडर, म्हणजे खडीला धरून ठेवणारं डांबर कुठल्या प्रतीचं, हे मात्र विचारून घ्या. पीजी ५८-२८ या प्रतीतला दुसरा आकडा म्हणजे उणे २८ सेल्सिअस, तेवढ्या थंडीसाठी ते बनवलेलं असतं. इथल्या थंडीला ५८-३४ मिळाला तर तोच मागा.

स्लॅब आणि डांबर यांच्यामधली फट भरायची राहू देऊ नका, कारण दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. अर्धा इंच रुंद फट, हवेने साफ आणि पूर्ण कोरडी, आत उष्णता सोसणारी बॅकर रॉड, म्हणजे फटीत दाबून बसवायची गोल दोरी (साधी फोमची गरम रबराने वितळते) आणि वरून गरम रबरी फिलर, पृष्ठभागाच्या किंचित खाली. काठोकाठ भरलेला फिलर बर्फ काढताना फावड्याबरोबर सोलून निघतो. बाटलीतला थंड फिलर स्वस्त पडतो, पण वाळताना खाली बसतो आणि पुन्हा भरावा लागतो.

सीलकोट पुढच्या उन्हाळ्यात, डांबराच्या इमल्शनचाच (पाण्यात मिसळलेल्या डांबराचा). कोलटारच्या सीलकोटवर मिनेसोटात २०१४ पासून बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पाच गॅलनची बादली २५० ते ४०० चौरस फुटांना पुरते. रात्रीचं तापमानही ५० फॅरनहाइटच्या वर राहील आणि २४ तास पाऊस नसेल असे दिवस निवडा. ओव्हरलेचं काम सप्टेंबरअखेरच्या आत उरका. नोव्हेंबरच्या सुमारास प्लांट बंद होऊ लागतात आणि मग वसंतापर्यंत गरम माल मिळत नाही.